सोपवलेली कामं, राखलेली नजर

नव्वदच्या दशकात नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, तेव्हा वॉर्डात कामाप्रमाणे वाटणी असे. एकीनं सगळी इंजेक्शनं द्यायची, दुसरीनं ड्रेसिंग, तिसरीनं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेऊन चार्ट भरायचे. अंग पुसणं, बेडपॅन, चादरी हे मावशी-मामांकडे, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांकडे. कामं वेळेत उरकत. पण अमुक खाटेवरचा माणूस कालच्यापेक्षा आज कसा आहे, हे विचारलं तर एकीलाही धड सांगता येत नसे.

शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण. प्रत्यक्षात रात्रपाळीला अख्खा वॉर्ड दोघींवर. कामं सोपवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. प्रश्न एवढाच, की कोणतं काम कुणाकडे द्यायचं?

अंग पुसणं खालचं काम समजतात. मला ते कधीच पटलं नाही. माकडहाडावरची लाली, पायावरची सूज, कूस बदलताना लागणारी धाप, हे सगळं त्या दहा मिनिटांतच दिसतं. म्हणून मावशींना आम्ही लाली बोटानं दाबून पाहायला शिकवलं. दाबल्यावर पांढरी झाली नाही, तर लगेच हाक मारायची. त्यानंतर बेडसोअरची पहिली खबर बहुतेक वेळा मावशींकडूनच येऊ लागली. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं मात्र सिस्टरनंच खाटेशी थांबायचं. तिथे तडजोड नाही.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये, आपण हजर नसतानाही काम नीट कसं व्हावं, यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. वॉर्डाची प्रमुख, म्हणजे परिसेविका झाल्यावर त्याचं मोल कळलं. ड्युटी रोस्टर, इंडेंट, स्टॉक बुक यांत सकाळ सरते. तरी वॉर्डातल्या सर्वांत गंभीर रुग्णाचं स्पंजिंग आणि बॅक केअर मी विद्यार्थिनींना सोबत घेऊन स्वतः करत राहिले. त्यांना शिकवण्याची याहून चांगली जागा मला सापडली नाही.

२०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षी कोविड आला. नातेवाईक दाराबाहेर राहिले. पाणी पाजणं, घास भरवणं, केस विंचरणं, रात्री हात धरून बसणं, हे सगळं पीपीई किटमधल्या आमच्याकडे आलं. तेव्हा उमगलं, की इतकी वर्षं सगळ्यांत जास्त काम आपण रुग्णाच्या आईवर आणि बायकोवर सोपवत होतो, तेही न शिकवता आणि कुठेही न नोंदवता. परिचारिकांच्या रिकाम्या जागा त्याच बाया भरून काढत होत्या. या जागा भरल्याच पाहिजेत.

नव्यानं वॉर्डाची जबाबदारी घेणाऱ्या सिस्टर-ब्रदरना एकच सांगणं आहे: ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती (ओव्हर) टेबलाशी घेऊ नका. खाटेशी जा, रुग्णाशी बोला, चादर बाजूला करून पाठ बघा आणि मगच कामं वाटा.