बोर्डावरची पाळी

धाराशिवच्या जिल्हा व सत्र न्यायालयात दिवसाची सुरुवात बोर्डापासून होते. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी: क्रमांक, पक्षकार आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते. शिपाई दारात पुकारा करतो, पक्षकार उभे राहतात, रोजनाम्यात चार ओळी पडतात आणि पुढची तारीख लागते.

फौजदारी खटल्याचा क्रम ठरलेला आहे. दोषारोप, मग सरकार पक्षाचे साक्षीदार, आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. प्रत्येक साक्षीदाराची आधी सरतपासणी, मग उलटतपासणी आणि गरज पडली तर फेरतपासणी. दिवाणी दाव्यात कैफियत आल्यावर मुद्दे काढतात आणि पुरावा सहसा वादीपासून सुरू होतो. 1998 च्या अधिसूचनेनंतर कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. निजामी राजवटीत उर्दू कारभार पाहिलेल्या या जिल्ह्याला त्याचं मोल कळतं.

हा क्रम अडतो तो साक्षीदारापाशी. तुळजापूर तालुक्यातल्या गावाहून रोज बुडवून, एसटीनं आलेला माणूस दुपारपर्यंत व्हरांड्यात बसतो. सरतपासणी झाली की ‘उलटतपासासाठी मुदत द्यावी’ असा अर्ज येतो. त्याला परत पाठवणं हा मला खटल्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. पंजाबातल्या विनोदकुमार खटल्यात सरतपासणी आणि उलटतपासणीत सुमारे वीस महिन्यांचं अंतर पडलं आणि साक्षीदार फिरला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर तीव्र नाराजी नोंदवली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 346 सांगतं की हजर साक्षीदार तपासून संपेपर्यंत काम रोजच्या रोज चालावं. साक्षीदार हजर असताना तहकुबी द्यायची, तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, हे कारण चालत नाही. पूर्वीच्या संहितेत कलम 309 हेच सांगत होतं. उणीव अंमलाची आहे.

समन्स हाती पडलं असेल, तर प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सवर तारीख आदल्या दिवशी तपासा. कोर्टात गेल्यावर सरकारी वकिलांना सांगा, ‘साहेब, माझी साक्ष आजच पूर्ण करून घ्या.’ प्रवासभत्त्याचीही चौकशी करा.