चौकातील खांब आणि नागरिक

रस्त्याच्या कडेला नवा खांब उभा राहिला, की तो दिव्याचा असेल किंवा तारेचा असेल असे मानून आपण पुढे जातो. त्याविषयी चौकशी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ या भागांत २०१० साली असेच खांब उभे राहू लागले. तेथील काही रहिवाशांनी मात्र चौकशी केली. आणि त्या चौकशीतून जे निष्पन्न झाले, ते शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

त्या खांबांवर कॅमेरे बसवावयाचे होते. एकंदर संख्या २१८, आणि त्यांपैकी ७२ कॅमेरे कोणाच्या दृष्टीस पडू नयेत अशा रीतीने लपविलेले. बहुसंख्य कॅमेरे मोटारींच्या क्रमांकपट्ट्या वाचणारे होते. वस्तीत येणारी आणि वस्तीतून जाणारी मोटार नोंदली जावी, अशा बेताने त्यांच्या जागा निवडल्या होत्या. या भागांत राहणारे लोक बहुतांशी मुसलमान. त्यांतील अनेकांचे वाडवडील पाकिस्तानातून आणि काश्मीरकडून तेथे गेलेले. नगरसेवकांना आणि लोकांना सांगण्यात आले, की चोऱ्यामाऱ्या व इतर गुन्हे आटोक्यात आणण्यासाठी ही योजना आहे. प्रत्यक्षात तिच्यासाठी लागलेले सुमारे तीस लाख पौंड दहशतवादविरोधी निधीतून आले होते.

पोलिसांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. जुलै २००५ मध्ये लंडनमधील बॉम्बस्फोटांत ५२ निरपराध माणसे प्राणास मुकली होती. तेव्हा शासनाने सावध राहू नये, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु सावधगिरी वेगळी आणि हेतू दडवून सबंध वस्तीभोवती पहारा बसविणे वेगळे. जून २०१० मध्ये वृत्तपत्रांतून निधीचा उगम उघड झाला, तेव्हा लोकांना संताप आला तो याच गोष्टीचा.

या संतापाला त्यांनी जे वळण दिले, ते विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. रहिवाशांनी सभा भरविल्या आणि पोलीस अधिकाऱ्यांना लोकांसमोर येऊन उत्तरे देण्यास भाग पाडले. स्पार्कब्रुकच्या नगरसेविका सलमा याकूब यांनी जाहीर विरोध केला. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या ‘लिबर्टी’ या संस्थेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. या सर्वांचे प्रश्न साधेच होते. हे कॅमेरे कोणत्या कायद्याच्या आधारे बसविले? कोणाच्या संमतीने बसविले? नोंदी कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार?

लोकमताचा रेटा वाढल्यावर, चालू होण्यापूर्वीच त्या कॅमेऱ्यांवर पिशव्या चढविण्यात आल्या. थेम्स व्हॅली पोलीस दलाच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. सप्टेंबर २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने योजनेवर कठोर टीका केली. कायद्याच्या चौकटीचा पुरेसा विचार झाला नाही आणि लोकांच्या विश्वासाला धक्का बसला, असा त्याचा निष्कर्ष होता. स्थानिक पोलीस प्रमुखांनी क्षमा मागितली, आणि २०११ मध्ये कॅमेरे व खांब उतरविण्यात आले.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. ज्याने काही वावगे केले नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे? शंका रास्त वाटते, पण ती अपुरी आहे. क्रमांक वाचणारे यंत्र चोर आणि साव असा भेद करीत नाही. ते सर्वांचीच नोंद करते. कोण कोणत्या वैद्याकडे गेला, कोणत्या सभेला बसला, कोणत्या प्रार्थनास्थळी थांबला, हे त्या नोंदींवरून जुळविता येते. वावगे काय, हे ठरविणारा अधिकारी उद्या बदलू शकतो. नोंद मात्र राहते. शिवाय गुन्ह्याचा सुगावा पोलिसांना बहुधा लागतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. ज्या वस्तीला सरसकट संशयित ठरविले, तिने विश्वासाने पोलिसांशी बोलावे तरी कसे?

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. मे २०२१ मध्ये हैदराबादमधील एका सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवून मुखपट्टी काढण्यास सांगितले आणि त्याचे छायाचित्र घेतले. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला कायद्याचा आधार कोणता, असा सवाल करीत त्याने तेलंगण उच्च न्यायालयात अर्ज केला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने राज्य शासनाला नोटीस काढली. त्याच्या पाठीशी एक मोठा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायदा हवा, उचित हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही त्या निर्णयातून पुढे आली.

म्हणजे बर्मिंगहॅमच्या रहिवाशांनी सभेत विचारलेले प्रश्न आपल्या देशात प्रत्येक नागरिकाला हक्काने विचारता येतात. रस्ता सर्वांचा असतो. त्यावर पहारा कोणी, कशासाठी आणि किती ठेवावा, हे ठरविण्यात रस्त्यावरून चालणाऱ्यांचाही वाटा असला पाहिजे. तो वाटा मागावयाचा, तर खांब उभा राहत असतानाच थांबून विचारणा करण्याची सवय आपण लावून घ्यावयास हवी.