पूर्ण एक मिनिट

सुरतच्या लिंबायतमधलं महानगरपालिकेचं आरोग्य केंद्र. सकाळचे दहा वाजतायत आणि बाकांवर बसायला जागा नाही. रात्रपाळी उरकून थेट आलेले लूम कामगार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कानावर गुजरातीपेक्षा अहिराणीच जास्त पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत गाडीने येऊन उधन्याला उतरलेल्यांची ही दुसरी-तिसरी पिढी.

डॉक्टर आतल्या खोलीत आहेत. बाहेर टेबलाशी सिस्टर. ताप, जुलाब, खरूज, काहीही असो, आधी त्यांच्यापुढे.

"कधयपाईन शे खोकला?" त्या विचारतात. समोर आठ महिन्यांचं बाळ. आईच्या बोटांवर साडीला खडे चिकटवायचा गोंद वाळलेला आहे. सिस्टर झबलं वर करतात, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरतात आणि मोजू लागतात. मागून कुणी कागद पुढे सरकवतं, त्या मान वळवत नाहीत. बाळाचा श्वास कधी भरभर, कधी संथ चालतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. ४६. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात नाही. अँटिबायोटिक द्यायचं कारण नाही. अंगावर पाजत राहा, नाक मोकळं ठेवा. धाप लागली किंवा दूध सोडलं तर लगेच या. हे सगळं त्या आईकडून पुन्हा म्हणवून घेतात.

पुढची पोरगी दोन वर्षांची, हातात बिस्किट. तिचे श्वास ४४ भरतात. सिस्टर कागदावर आकडा लिहितात आणि तिला रांगेतून काढून सरळ डॉक्टरांकडे पाठवतात.

"हिना तं कमी शेतस ना, बेन?" पहिली आई चकित होऊन विचारते.

वर्षाच्या आतल्या बाळाला ५०च्या खाली चालतं, सिस्टर सांगतात. वर्ष उलटलं की ४० झाले तरी न्यूमोनियाची शंका घ्यायची. माझ्या मते या केंद्रातली सगळ्यात मोलाची तपासणी हीच. तिला यंत्र लागत नाही. गर्दीतही पूर्ण एक मिनिट न सोडणारी बाई लागते. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या धास्तीने याच शहरातून लाखो लोक पळाले, त्यांत कितीतरी खासगी डॉक्टरही होते. ताप-खोकल्याचं माणूस हक्काने जाऊन बसेल असं दार वस्तीत असणं किती गरजेचं, हे सुरतला वेगळं सांगायला नको.

आता एक तरुण कामगार, पोट धरून. "बाटली लाई द्या ना, बेन." सलाइन घेऊन त्याला पाळीवर जायचंय, मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते.

सिस्टर त्याची जीभ बघतात, नाडी धरतात. उलटी नाही, जुलाबात रक्त नाही, लघवी सकाळी झाली आहे. सलाइनची गरज नाही. त्या ओआरएसचा ग्लास त्याच्या हातात देतात. तो घोटभर पितो, तोंड वाकडं करतो, पण संपवतो. मग विचारतो, आज कामावर जाऊ का?

सिस्टर नाही म्हणतात. तो जाणार, हे त्यांना दिसतंय. म्हणून त्या दोन पाकिटं जास्तीची देतात, त्याच्याजवळची पाण्याची बाटली मागून घेतात आणि एक लिटर कुठवर येतं तिथे पेनाने रेघ मारतात.