फलाट उचलण्याचे काम

पुणे–दौंड रेल्वेमार्ग १८५८ सालचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्या वर्षी खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आणि पुढे सोलापूरच्या दिशेने रूळ टाकले. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटातून हा मार्ग जात नाही. उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या या टापूतल्या माणसाला गाडी पकडायची तर दक्षिणेकडे यवत, खुटबाव किंवा केडगाव गाठावे लागते. मार्गावरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात, आणि त्यांच्या अधूनमधून पुण्यात नोकरीला, कॉलेजला जाणारे पासधारक जातात. २०१७ मध्ये विद्युतीकरण झाले आणि डेमू ही डिझेलवर चालणारी गाडी सुरू झाली. पुणे–लोणावळा मार्गावर १९७८ पासून जशी लोकल आहे, तशी इकडेही हवी ही मागणी मात्र जुनीच आहे.

२२ मे २०२५ रोजी अमृत भारत स्टेशन योजनेतील देशभरातील १०३ नूतनीकृत स्टेशनांचे एकदम उद्घाटन झाले. त्यांत पुणे विभागातील केडगाव, बारामती आणि लोणंद होती. मुंबई विभागातील परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड आणि शहाड ही स्टेशनेही त्याच यादीत होती. केडगावची गर्दी आणि परळची गर्दी यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही दोन्हीकडे कामाची कलमे बरीचशी सारखी निघतात: फलाट, छत, पूल, प्रतीक्षालय, स्वच्छतागृह, येण्याजाण्याचा रस्ता. उद्घाटनाच्या छायाचित्रात दर्शनी भाग येतो. प्रवाशाचे सुखदुःख मात्र पहिल्या कलमावर, म्हणजे फलाटावर ठरते.

भारतीय रेल्वेत फलाट तीन प्रकारचे: रुळाच्या पातळीचा, मध्यम आणि उंच. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. वाफेच्या इंजिनाच्या काळात गाडी दोन-चार मिनिटे थांबे, पायऱ्यांना धरून माणसे चढत, आणि सखल फलाटावर भागत असे. लोकल वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात शेकडो माणसे उतरायची आणि शेकडो चढायची, म्हणजे पायरी चढण्यात जाणारा वेळही परवडत नाही.

फलाट एकदा उंच बांधला म्हणजे कायमचा उंच राहतो, असेही नाही. रुळाखालची खडी वेळोवेळी साफ करतात, नवी घालतात, टॅम्पिंग यंत्राने ती दाबून रूळ समपातळीत आणतात. या प्रत्येक देखभालीत रूळ थोडा वर येतो. फलाट जागच्या जागी राहतो आणि वर्षागणिक बुटका होत जातो. मुंबईतल्या कित्येक जुन्या फलाटांची कड आणि डबा यांच्यामधली पोकळी अशी हळूहळू वाढली आणि तिच्यात पडून माणसे जायबंदी झाली, काही मेलीही. २०१४ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले. त्यानंतर उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरच्या पुढे नेण्याच्या कामाला वेग आला.

मग डब्याच्या फरशीइतकाच फलाट का करत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर डब्याच्या रुंदीत आहे. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद, म्हणजे रुळांच्या मध्यापासून एका बाजूला १.८३ मीटर. फलाटाची कड मात्र त्याच मध्यापासून साधारण १.६७ मीटरवर असते. डब्याची बाजू कडेच्या वरून पुढे येते, म्हणून फलाट तिच्याखाली राहिलाच पाहिजे. कड आणखी मागे घ्यावी, तर त्याच रुळांवरून जाणाऱ्या सव्वातीन मीटर रुंदीच्या मेल-एक्स्प्रेसच्या दारापाशी पोकळी वाढते. एकाच रुळावर सगळ्या प्रकारच्या गाड्या चालवणाऱ्या रेल्वेला ही तडजोड चुकत नाही. मेट्रोला ती करावी लागत नाही, कारण तिथे एकाच मापाच्या गाड्या धावतात.

फलाट उचलणे हे कागदावर सोपे वाटणारे काम आहे. कडेचे दगड काढायचे, कडेची भिंत वाढवायची, मधे भराव घालून दाबायचा, वर काँक्रीट आणि फरशी. उतार रुळांकडे नव्हे, उलट बाजूला द्यायचा, म्हणजे पावसाचे पाणी रुळांत जात नाही आणि चाकाची खुर्ची किंवा सामानाची गाडी आपोआप कडेकडे घरंगळत नाही. कडेपासून काही अंतरावर अंध प्रवाशांसाठी उठावाच्या पिवळ्या फरश्यांची रांग. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. फलाट वीतभर वर आला की पुलाच्या जिन्याची शेवटची पायरी त्यात गडप होते, स्टेशन मास्तरांच्या खोलीचा उंबरठा खड्ड्यात जातो, पाण्याचा नळ गुडघ्याशी येतो, छताची उंची कमी पडते. म्हणजे फलाटाबरोबर स्टेशनच नव्याने मांडावे लागते, आणि तेही गाड्या थांबवल्याशिवाय.

या कामात सिमेंटपेक्षा वेळ दुर्मीळ. मुंबईत शेवटची लोकल गेल्यावर पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. त्यातच ओव्हरहेड वायरची वीज तोडायची, माणसे व यंत्रे आणायची, काम करायचे, रूळ मोकळे करून वीज पुन्हा जोडायची. रविवारचा मेगाब्लॉक त्यात चार-पाच तासांची भर घालतो. जे एवढ्यातही बसत नाही, त्यासाठी वाहतूकच बंद ठेवावी लागते. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून जिथे पोहोचली, त्या ठाण्यात पाच आणि सहा क्रमांकांचा फलाट गर्दीला अरुंद पडत होता. शेजारचा रूळ बाजूला सरकवला, तयार काँक्रीटचे ठोकळे आणून कडेला बसवले आणि फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. काँक्रीट जागेवर ओतले असते तर ते सुकण्याची वाट पाहावी लागली असती; ठोकळ्यांनी ती वाचवली. त्याच दिवसांत सीएसएमटीला चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी १० आणि ११ क्रमांकांचे फलाट लांबवण्याचे काम ३६ तासांच्या ब्लॉकमध्ये झाले. त्या तीन दिवसांत शेकडो लोकल रद्द झाल्या.

दादरला वेगळा मार्ग काढला गेला. मध्य रेल्वेचा दोन क्रमांकाचा फलाट २०२३ मध्ये बंद करून त्याची जागा एक क्रमांकाला दिली. एक फलाट गमावून दुसरा ऐसपैस करणे हा हिशेब गर्दी मोजणाऱ्यालाच सुचतो.

रुंद फलाटालाही बाहेर पडायचा रस्ता अरुंद असेल तर उपयोग नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, प्रवासी वाढले, जिना मात्र पूर्वीचाच राहिला. त्या दुर्घटनेनंतर लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे पूल उभारले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते खुले झाले. घाटकोपरसारख्या स्टेशनावर आता पूल एकेकटे न ठेवता ते रुळांवरच्या एका मोठ्या डेकने जोडण्याची पद्धत आली आहे. तिकीटखिडक्या आणि स्टॉल वर नेले की खाली फलाटावर उभे राहायला जागा सुटते. लहान स्टेशनावर डेकची गरज नसते. तिथे लिफ्ट किंवा उताराचा पूल असला तरी म्हाताऱ्या माणसाचा रूळ ओलांडण्याचा मोह कमी होतो.

भायखळ्याला काम उलट दिशेने झाले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या इमारतीवर पुढच्या काळात चढलेले रंगांचे थर, पत्रे, जोडकामे आणि फलक काढून मूळचे दगडी आणि लाकडी काम पुन्हा उघडे करण्यात आले. आभा नारायण लांबा या वास्तुविशारदाच्या मार्गदर्शनाखाली हे काम पार पडले, आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. त्या सगळ्या काळात भायखळ्याला लोकल थांबतच होत्या.