शिक्षकांची स्वायत्तता मोजताय? आधी प्रश्न वेगळे करा

शिक्षणशास्त्राच्या सिनॉप्सिसमध्ये "स्वायत्तता, कार्यमग्नता आणि नवोपक्रम" हा विषय हल्ली बराच दिसतो. तुम्ही तो जळगाव-धुळ्याच्या जिल्हा परिषद शिक्षकांवर करणार असाल, तर प्रश्नावली छापायला देण्याआधी थोडं थांबा.

सिद्धांत सोपा आहे. डेसी आणि रायन यांच्या मते, आपण आपल्या मर्जीनं काम करतोय असं वाटणं ही मूलभूत मानसिक गरज आहे. ती भागली की कामात उत्साह, समर्पण आणि तल्लीनता येते. शौफेली यांची मापनश्रेणी हेच तीन घटक मोजते. अशा मनःस्थितीत शिक्षक नवीन काही करून बघतो, म्हणजे कार्यमग्नता हे मधलं, मध्यस्थ चल.

गडबड होते ती स्वायत्तता मोजताना. पिअर्सन आणि मूमॉ यांनी २००५ च्या अभ्यासात तिचे दोन भाग केले: आशय, उपक्रम, साहित्य यांची निवड हा एक, वर्गातले नियम आणि रोजचे निर्णय हा दुसरा. आता आपल्याकडे बघा. पुस्तक बालभारतीचं, सगळ्यांना एकच. "आशय मी ठरवतो का?" याला जवळपास सगळे "नाही"च म्हणणार. उत्तरांत फरकच नसेल तर सहसंबंध कुठून निघणार? असे प्रश्न एकूण गुणांत मिसळले की आकडा खाली येतो आणि आपण लिहून मोकळे होतो, "स्वायत्ततेचा परिणाम नाही".

खरा फरक दुसरीकडे असतो. शिरपूर किंवा चोपड्याच्या पाड्यावर पहिलीच्या मुलांची बोली पावरी, पुस्तक प्रमाण मराठीत. पहिले काही आठवडे पावरीतून गोष्टी सांगायची मोकळीक बाईंना आहे, की केंद्रप्रमुख "धडा कितवा चालू आहे?" एवढंच विचारतात? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

वेळेचाही प्रश्न घाला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकांना देऊ देतं. त्यात ऑनलाइन माहिती भरणं आलंच. परदेशी मापनश्रेणीत हे सापडणार नाही (गाईडही बहुधा विचारणार नाहीत!).

आणखी एक. एकाच दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून मध्यस्थ चल सिद्ध होत नाही. उत्साही शिक्षकाला मुख्याध्यापक आपोआप जास्त मोकळीक देतात, हेही शक्य आहे. जमलं तर स्वायत्तता जुलैत मोजा, कार्यमग्नता दिवाळीनंतर, आणि नवोपक्रमाची नोंद मुख्याध्यापकांकडून घ्या. निवडणुकीचे महिने मात्र टाळा.