विश्लेषण : टीव्ही दिसतो, पण मोडेम अडखळतो... दोष घरातल्या वायरिंगचा कसा ओळखाल?

कल्याणहून दुर्गाडी पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की कोन गाव लागते. एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला यंत्रमागांचे शहर आणि मधल्या या गावात जुन्या चाळींसोबत नव्या इमारतीही. अशा वस्तीत केबलची तार घरात शिरते, दरवाजाच्या चौकटीवरून फिरते आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी ‘फाटे’ फुटून वेगवेगळ्या खोल्यांत जाते. टीव्ही एकच होता आणि प्रक्षेपण ॲनालॉग होते, तोवर हे खपून गेले. आता त्याच तारेवर दोन सेट-टॉप बॉक्स आणि मोडेम चालवायचा असेल, तर जुना जुगाड महागात पडतो.

डिजिटल झाल्यावर काय बदलले?

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरे होती. कल्याण-डोंबिवली त्यात होते, भिवंडी नव्हती. त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. देशातील शेवटच्या, चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स आला, पण भिंतीवरची तार अनेक घरांत जुनीच राहिली.

ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत, तरी चित्र दिसे. डिजिटलचे तसे नाही. सिग्नल ठरावीक पातळीपर्यंत घसरला तरी चित्र स्वच्छ दिसते. त्याखाली गेला की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि थेट ‘नो सिग्नल’ येते. म्हणजे चित्र स्वच्छ आहे म्हणून वायरिंग चांगले आहे, असे म्हणता येत नाही.

स्प्लिटर वाढवला की काय होते?

दोन फाट्यांचा स्प्लिटर सिग्नल निम्मा करून वाटतो. त्याची स्वतःची गळती धरून प्रत्येक फाट्यावर सुमारे साडेतीन डेसिबल घट होते. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, दहा डेसिबल म्हणजे एक दशांश. एकापुढे एक असे तीन स्प्लिटर जोडले, तर शेवटच्या खोलीत मूळ सिग्नलचा एक दशांशही उरत नाही. शिवाय तारेची घट वेगळी. आरजी-६ प्रकारच्या तीस मीटर तारेत वरच्या फ्रिक्वेन्सीवर पाच-सहा डेसिबल जातात. जुन्या, बारीक आरजी-५९ तारेत त्याहून जास्त. म्हणूनच कधीकधी काही चॅनेल नीट दिसतात आणि नेमके काहीच तुटतात.

टीव्ही चालतो, मग मोडेम का अडतो?

आधी मोडेमला कोणती तार जाते ते पाहावे. लॅनची किंवा फायबरची तार असेल, तर टीव्हीच्या स्प्लिटरचा त्याच्याशी संबंध नाही. टीव्हीसारखीच, स्क्रूने आवळायची गोल तार असेल तर मात्र आहे.

टीव्ही फक्त ऐकतो, मोडेमला बोलावेही लागते. केबल मोडेम ‘डॉक्सिस’ या पद्धतीने चालतो. इंटरनेट खाली येते ते वरच्या फ्रिक्वेन्सीवर. घरातून माहिती वर जाते ती ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यात. वाटेत स्प्लिटर जितके जास्त, तितक्या जोरात मोडेमला ‘ओरडावे’ लागते. त्याच्या ताकदीला मर्यादा असते. ती गाठली की मोडेम पुन्हा पुन्हा डिस्कनेक्ट होतो.

याच खालच्या पट्ट्यात बाहेरचा विद्युत गोंगाटही शिरतो. तो येतो सैल कनेक्टरमधून, सोललेल्या तारेतून किंवा उघड्या फाट्यातून. आणि तो एका घरापुरता राहत नाही. परतीचा मार्ग अनेक घरांचा सामायिक असल्याने एका घरातला ढिला जोड शेजाऱ्यांचे इंटरनेटही मंदावू शकतो.

मांडणी कशी असावी?

- तार घरात शिरते तिथेच पहिला दोन फाट्यांचा स्प्लिटर बसवावा. एक फाटा थेट मोडेमला द्यावा, त्यावर पुढे काहीही जोडू नये.
- टीव्ही एकाहून अधिक असतील, तर दुसऱ्या फाट्यावर त्यांच्यापुरता एकच स्प्लिटर लावावा.
- स्प्लिटर ५ ते १००० मेगाहर्ट्झचा असावा. ही मर्यादा त्यावर छापलेली असते.
- रिकाम्या फाट्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावावा.
- तारा पिळून, वर चिकटपट्टी लावून केलेले जोड काढून टाकावेत. एफ कनेक्टर हत्याराने दाबून बसवलेला असावा.

बूस्टर लावला तर?

बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. सिग्नल आधीच खराब झाला असेल, तर तो दुरुस्त करत नाही. टीव्हीसाठीचे साधे बूस्टर एकमार्गी असतात. ते मोडेमच्या वाटेत आले, तर परतीचा मार्गच बंद होतो.

विजेचा धोका कुठे?

हा भाग सर्वांत गंभीर. केबलच्या आतली धातूची जाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. एखाद्या घरात अर्थिंग नसेल आणि उपकरणातून वीज गळत असेल, तर ती या जाळीवरून शेजारच्या घरातल्या कनेक्टरवर येऊ शकते. तार काढताना बोटाला झिणझिण्या आल्या, तर काम तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. हात लावण्यापूर्वी टीव्ही, बॉक्स आणि मोडेमचे प्लग काढावेत. केबल विजेच्या तारांना बांधू नये आणि वीज कडाडत असताना गच्चीवर जोडणी करू नये.

फायबर घेतल्यास प्रश्न संपतो?

बराचसा. घरात येणाऱ्या एकाच काचेच्या तंतूवरून इंटरनेट १४९० आणि १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर, तर टीव्ही १५५० नॅनोमीटरवर येऊ शकतो. पेटीतून टीव्हीसाठी वेगळी केबल निघते, त्यामुळे मोडेमची वाट मोकळी होते. पण त्या केबलपुढे स्प्लिटरचा हिशेब तोच राहतो. फायबर काटकोनात वाकवू नये, खिळ्याने ठोकू नये. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत बसवू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

तंत्रज्ञाला काय विचारावे?

‘सिग्नल आहे का?’ एवढेच विचारू नये. आधी तार घरात शिरते तिथे आणि नंतर शेवटच्या खोलीत, असे दोन ठिकाणी मीटर लावून आकडे दाखवायला सांगावे. पहिलाच आकडा कमी असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा, म्हणजे केबलचालकाचा. पहिला चांगला आणि दुसरा घसरलेला असेल, तर दोष घरातला. बसवणीच्या शुल्कावरील कमाल मर्यादा ‘ट्राय’ने जुलै २०२४ मध्ये काढली आहे. त्यामुळे तार, स्प्लिटर आणि मजुरीचा दर आधी ठरवून पावती घ्यावी. मोडेम बदलण्याचा किंवा महागडा प्लॅन घेण्याचा निर्णय हे दोन आकडे पाहिल्यानंतरच घ्यावा.