जन्मतः बोटांचा अभाव आणि ग्रहणाचा दोष

हाताची अथवा पायाची काही बोटे नसलेले मूल जन्मास आले, की यवतमाळ जिल्ह्यातील, किंबहुना सर्व महाराष्ट्रातील अनेक घरांत एक प्रश्न मातेस विचारला जातो : ग्रहणात काही चिरले-कापले होते काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यायोगे व्यंगाचा सारा दोष तिच्या माथी येतो, आणि पुढील अपत्याविषयीचा खरा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. म्हणून या समजुतीची परीक्षा गर्भविज्ञानाच्या आधारे करणे इष्ट होय.

गर्भधारणेनंतर सुमारे 26व्या दिवशी हाताची कळी दिसू लागते. पायाची कळी त्यानंतर एक-दोन दिवसांनी. सहाव्या आठवड्यात तळहाताच्या चपट्या पत्र्यात बोटांच्या रेषा उमटतात, मधल्या पेशी नष्ट होतात आणि 56व्या दिवसापर्यंत हातापायांची बोटे सुटी होतात. म्हणजे पाळी चुकल्यापासून अवघ्या सहा आठवड्यांत ही घडण पुरी होते. ग्रहण पाळले जाते ते बहुधा गर्भ सर्वांस ठाऊक झाल्यावर. तोवर बोटे असावयाची की नसावयाची, हे सामान्यतः ठरून गेलेले असते.

ही घडण कशी बिघडते, याचा उलगडा जॉन साँडर्स यांनी 1948 साली कोंबडीच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांनी झाला. कळीच्या टोकावरील बाह्यत्वचेची कड काढून टाकली असता अवयवाची पुढील वाढ खुंटते; ती जितकी लवकर काढावी तितका अधिक भाग उणा राहतो. काळाचे हेच महत्त्व थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेत दिसून आले. पश्चिम जर्मनीत 1957 मध्ये विक्रीस आलेले हे औषध 1961च्या नोव्हेंबरात मागे घेण्यात आले. त्याने गर्भास जे व्यंग आले, ते मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या 20व्या ते 36व्या दिवसांत घेतलेल्या गोळ्यांमुळे.

बोटांच्या अभावाचे तीन प्रकार विशेष लक्षात घ्यावेत. पहिल्यात बहुधा एकच हात सापडतो. मधल्या बोटांच्या जागी नखांचे अंश असलेले लहान गोळे असतात. हा प्रकार सहसा कुळात पुन्हा आढळत नाही. दुसऱ्यात गर्भाभोवतीच्या पातळ आवरणाचे, म्हणजे उल्बाचे, तंतू बोटांस आवळतात. शेजारच्या बोटांवर वळ्यांसारख्या खाचा दिसतात. हा प्रकार बोटे घडल्यानंतरही उद्भवू शकतो. तथापि तोही आनुवंशिक नव्हे, आणि स्वयंपाकघरातील विळीशी त्याचा संबंध नाही. तिसऱ्यात हाताचा अथवा पायाचा मधला भाग दुभंगलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही हात-पाय बाधित होतात. हा अनेकदा प्रभावी जनुकामुळे येतो. बाधित माता किंवा पित्याकडून ते जनुक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. जनुक असूनही बोटे धड असलेली व्यक्ती आढळते, त्यामुळे एखादी पिढी सुटल्यासारखी वाटते.

आता ग्रहणाचा विचार करू. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया वऱ्हाडातून गेली. ॲनी माँडर व त्यांचे पती यांनी तळणी येथून प्रभामंडलाचे छायाचित्रण केले. अशी छाया एका दिवशी सबंध प्रांतावर पडते. बोटांचे व्यंग मात्र असे एका दिवसाशी बांधलेले नसते. ते तुरळक, कोणत्याही महिन्यात, कोठेही आढळते. कारण आणि कार्य यांचा मेळ येथे बसत नाही.

यास्तव अशा बालकाच्या तपासणीत दोन्ही हात, दोन्ही पाय व छातीचे स्नायू पाहावेत, क्ष-किरण चित्र घ्यावे, आणि माता व पिता या दोघांचेही हात-पाय निरखावेत. मातेने गर्भारपणाच्या आरंभी कोणती औषधे घेतली, हे विचारावे. ग्रहणाविषयी विचारणाऱ्या आप्तांस वर दिलेली दिवसांची गणना समजावून सांगावी. मातेवरील आरोप दूर करणे हे निदानाचेच एक अंग होय. कारण आरोपाच्या भयाने कुटुंबे पूर्वजांतील व्यंग लपवितात, आणि दुसरे अपत्यही असेच होईल काय, या प्रश्नाचे उत्तर नेमके त्याच माहितीवर अवलंबून असते.